कोंबड्या वाढल्यावर खुराडं किती मोठं घ्यावं? मोजणीपासून मुक्कामापर्यंत

खुराडं घेताना बहुतेकांची चूक एकच होते. पाटीवरचा आकडा वाचायचा, घरच्या कोंबड्या मोजायच्या, दोन्ही जुळले की निश्चिंत व्हायचं. मग एखादी कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवायला बसते, पिल्लं निघतात, कुणीतरी दोन तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या) आणून देतं आणि वर्षाच्या आत खुराडं बदलायची वेळ येते.

माझं पहिलं खुराडं ‘आठ कोंबड्यांसाठी’ म्हणून आलं होतं. त्यात सहाच होत्या, तरी अंडी रोज घाण यायची. मी आपला अंडी घालायच्या पेटीतला भुसा बदलत राहिलो. एकदा तिन्हीसांजेला खुराड्यासमोर पाट टाकून बसलो तेव्हा खरं कारण दिसलं. पाच जणी दांडीवर चढून खांद्याला खांदा लावून बसल्या. सहावी, एक राखाडी तलंग, खाली उभी राहून मान उंच करून जागा शोधत होती. तिने उडी मारली, तर कडेच्या कोंबडीने डोक्यावर टोच देऊन तिला खाली पाडलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने नाद सोडला आणि गुपचूप अंड्यांच्या पेटीत जाऊन बसली. रात्रभर तिथेच शिटली. सकाळी बाकीच्यांनी त्याच पेटीत अंडी घातली.

खुराड्यात किती कोंबड्या मावतात, याची खरं तर तीन उत्तरं असतात. एक जमिनीच्या मापाचं, दुसरं दांडीचं आणि तिसरं हवेचं. तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान निघेल, तोच त्या खुराड्याचा खरा आकडा. खालचे टप्पे याच हिशेबासाठी आहेत. क्रम मात्र मोडू नका. आधी खुराडं पसंत करून मग मोजायला बसलं की माणूस हिशेब खुराड्याच्या बाजूने वळवतो. मीही वळवला होता.

तयारी

मोजपट्टी, वही, खडू किंवा चुन्याची फक्की, दोरी आणि टॉर्च हाताशी ठेवा. सध्याचं खुराडं असेल तर त्याचीही आतून मापं घेऊन ठेवा. त्यात आज किती कोंबड्या सुखाने राहतात, हे तुमच्या डोळ्यांसमोरच असतं, आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा तो पुरावा जास्त उपयोगी पडतो.

एका रात्री, सगळ्या झोपल्यावर, टॉर्च घेऊन आत डोकवा. दांडीवर किती, पेटीत किती, जमिनीवर किती, बाहेर झाडावर किंवा छपरावर किती, हे लिहून घ्या. दांडी सोडून दुसरीकडे झोपलेली प्रत्येक निरोगी, मोठी कोंबडी म्हणजे जागा कमी पडल्याची तक्रार समजा. पेटीतली खुडूक कोंबडी तेवढी यातून वगळा.

टप्पा १ : आजचा नव्हे, गर्दीच्या दिवसाचा आकडा काढा

पुढच्या दीड-दोन वर्षांत कधीतरी एका रात्री जास्तीत जास्त किती पक्षी आत असतील, तो आकडा हवा. हिशेब असा करा:

आजच्या मोठ्या कोंबड्या आणि कोंबडे, अधिक यंदा वाढवायची पिल्लं, अधिक बाहेरून आणायच्या तलंगा.

वजाबाकी करताना जपून. लोक म्हणतात, ‘बारा अंडी बसवली, नऊ निघाली, त्यातले निम्मे नर, ते जाणारच आहेत.’ जाणार आहेत, पण कधी? नर-मादी ओळखू यायलाच बऱ्याच जातींत दोन महिने किंवा जास्त लागतात. त्यानंतरही ते लगेच जात नाहीत. तोवर ते दांडीवर जागा अडवतात, खातात, शिटतात आणि आपसांत भांडतात. म्हणून जाणारे नरसुद्धा गर्दीच्या दिवसाच्या आकड्यात धरा.

‘पिल्लांना काय, इवलीशी जागा पुरते’ हीदेखील फसवी समजूत आहे. चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूट पुरतो. आठ आठवड्यांपर्यंत एक लागतो आणि त्यानंतर दोन. चार महिन्यांची तलंग मोठ्या कोंबडीइतकीच जागा मागते. दर महिन्याला जागा दुप्पट करायची तयारी नसेल, तर पहिल्या दिवसापासून मोठीचंच माप धरा.

आलेल्या आकड्यात पाचाला एक या प्रमाणात भर घाला. कोंबड्या पाळणाऱ्या माणसाचा आकडा कमी झालेला मी तरी पाहिलेला नाही.

पुढे सगळीकडे १४ मध्यम वजनाच्या पक्ष्यांचं उदाहरण घेतो: १३ कोंबड्या, १ कोंबडा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे रूढ प्रमाण आहे. १३ ला एक चालतो. दोन ठेवले तर भांडणासाठी वेगळी जागा आखावी लागेल.

टप्पा २ : जमिनीचं माप

मापं अशी धरा:

– लहान चणीच्या, बँटम जातीच्या कोंबडीला २ चौरस फूट
– मध्यम कोंबडीला ४ चौरस फूट
– भारी अंगाच्या जातीला ५ चौरस फूट

एक चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पावणेअकरा चौरस फूट. म्हणजे मध्यम कोंबड्या एका चौरस मीटरला अडीच-पावणेतीन बसतात.

ही मापं दिवसा बाहेर जाळीच्या अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांची आहेत. पहाटे उजाडायच्या आत दार उघडणारा कुणी घरी असेल आणि कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत असतील, तर मध्यम कोंबडीला ३ वर भागेल. पण सलग चार दिवस पाऊस लागला, तुम्ही गावाला गेलात किंवा रोगाच्या साथीमुळे कोंबड्या आतच ठेवाव्या लागल्या, की तीन चौरस फुटांतली शांतता संपते आणि पिसं उपटणं सुरू होतं. ज्यांना अंगणच नाही, त्यांनी कोंबडीमागे निदान १० चौरस फूट आतच धरावेत.

आपल्या उदाहरणात १४ गुणिले ४ म्हणजे ५६ चौरस फूट झाले. सात फूट बाय आठ फूट.

कुठली जमीन मोजायची आणि कुठली नाही, इथे बरेच जण घसरतात. अंड्यांच्या पेट्या जमीन नव्हे. त्या आत ठेवलेल्या असतील तर त्यांच्याखालची जागासुद्धा कोंबडीला ताठ उभं राहता येत असेल तरच मोजायची. आत ठेवलेलं खाद्याचं भांडं आणि पाण्याचं भांडं यांची जागा वजा करायची. खुराडं पायांवर उचललेलं असेल तर त्याच्या खालचा भाग हा बाहेरच्या अंगणाचा हिस्सा. तो आत धरायचा नाही आणि दोन्हीकडे तर नाहीच नाही. माप नेहमी आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत. छप्पर भिंतीच्या बाहेर येतं, त्यामुळे बाहेरून मोजलेलं खुराडं दरवेळी मोठं भरतं.

तपासा : जमिनीवर भुशाची किंवा तुसाची निदान चार इंचांची गादी पसरल्यावर आतली उंची किती उरते? आणि ती गादी अडवायला दाराशी सहा-आठ इंचांचा उंबरा आहे का? उंबरा नसेल तर दार उघडताच गादी तुमच्या पायांवर येते आणि आठवड्याभरात फळ्या उघड्या पडतात.

टप्पा ३ : दांडीचं माप

जमीन भरपूर असूनही रात्रीची भांडणं थांबत नसतील, तर दोष दांडीत असतो.

मध्यम कोंबडीला ८ ते १० इंच दांडी लागते, भारी जातीला १२ इंच. १४ कोंबड्यांना दहा इंचांप्रमाणे १४० इंच, म्हणजे पावणेबारा फूट. सहा-सहा फुटांच्या दोन दांड्या घेतल्या की काम झालं. थंडीत कोंबड्या अंगाला अंग लावून बसतात आणि अर्धी दांडी रिकामी राहते. ते पाहून दांडी कमी करू नका. उन्हाळ्यात त्याच कोंबड्या पंख अंगापासून लांब धरून बसतात आणि सगळी दांडी वापरतात.

दांडी कशी असावी, हेही मापाइतकंच महत्त्वाचं. साधारण दोन इंच रुंद, वरून सपाट, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी उत्तम. कोंबडीचा पाय तिच्यावर सपाट टेकतो आणि थंडीत बोटं पिसांखाली झाकली जातात. लोखंडी पाइप निसरडा असतो, उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात गारठतो. बारीक काठी तर नकोच.

उंची दीड ते तीन फूट. भारी जातींना दीड-दोन फुटांच्या वर नेऊ नका. रोज उंचावरून धपकन उडी मारून तळव्याला इजा होते आणि तिथे गाठ धरते. उतरायला समोर दीड-दोन हात मोकळी जागा हवी. भिंतीपासून दांडी फूटभर लांब, दोन दांड्यांमध्येही फूट-सव्वा फूट अंतर. एक दांडी दुसरीच्या बरोबर खाली कधीच नको, कारण वरच्यांची शीट खालच्यांच्या पाठीवर पडते.

जिन्यासारख्या चढत्या दांड्या दिसायला छान दिसतात. पण सगळ्यांना सर्वांत वरचीच हवी असते, म्हणून रोज तिच्यासाठी झटापट होते. जागा असेल तर सगळ्या दांड्या एकाच उंचीवर लावा. मात्र त्या पेट्यांपेक्षा उंच असल्याच पाहिजेत. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. पेटी उंच असेल तर ती पेटीत झोपणार.

सावधान : दांडी खिळ्यांनी ठोकून टाकू नका. दोन्ही टोकांना खाचेत बसणारी, उचलून काढता येईल अशी ठेवा. रक्त पिणारे बारीक लाल कीटक दिवसा नेमके तिच्या टोकांशी, खाचेत लपतात. दांडी उचलता आली तरच ते सापडतात.

टप्पा ४ : हवेचं माप

हवेचा हिशेब कुणी करत नाही. खुराडं उबदार, घट्ट बंद असावं असं वाटतं. पण कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता आणि ओल ती श्वासावाटे बाहेर टाकते. शिवाय रात्रभर ती शिटते आणि ओल्या शिटेतून अमोनिया निघतो. चौदा जणींचा श्वास आणि शीट बंद पेटीत कोंडली की डोळ्यांतून पाणी, शिंका, घरघर सुरू होते. थंड प्रदेशातही नुसत्या थंडीपेक्षा ओलीची थंडी वाईट. तुऱ्याला हिमबाधा होते ती जास्त करून ओलसर, कोंदट खुराड्यात.

साधा हिशेब : कोंबडीमागे एक चौरस फूट उघडी, जाळी लावलेली जागा. १४ कोंबड्यांना १४ चौरस फूट. आकडा मोठा वाटतो, पण सात फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींवर, छपराखाली एक-एक फूट उंचीची जाळीची पट्टी सोडली की १४ चौरस फूट भरतात.

ही पट्टी दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवी. ओली, गरम हवा वर चढून निघून जाते आणि कोंबडीला थेट झोत लागत नाही. कडक उन्हाळ्यात मात्र थेट वारा लागलेलाच बरा, म्हणून दांडीच्या पातळीला झडप असलेली एक खिडकी ठेवा: थंडीत बंद, उन्हाळ्यात उघडी. वळचण दोन फूट तरी बाहेर आलेली असावी, नाहीतर पहिल्या वादळी पावसात जाळीतून पाणी आत येईल आणि तुम्हीच पोतं लावून ती बंद कराल. मग सगळा हिशेब फुकट.

उष्ण प्रदेशात खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. सकाळचं आणि संध्याकाळचं तिरकं ऊन मग आखूड भिंतींवर पडतं.

तपासा : भल्या सकाळी दार उघडताक्षणी डोकं कोंबडीच्या उंचीवर नेऊन वास घ्या. नाकाला झोंबलं तर हवा कमी आहे. पहिलाच श्वास खरा धरा. मिनिटभरात नाक सरावतं. पत्र्याच्या आतल्या बाजूला हात फिरवा. हाताला पाणी लागलं तर खुराड्याचा आकडा जमीन कितीही मोठा सांगो, हवा त्याला लहान म्हणते आहे.

टप्पा ५ : पेट्या

चार-पाच कोंबड्यांमागे एक. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. भारी जातींना १४ इंच. जमिनीपासून फार तर दीड फूट वर, पण दांडीपेक्षा खालीच, अंधाऱ्या बाजूला. तेरा कोंबड्यांना तीन-चार पुरे. दहा पेट्या केल्यात तरी कोंबड्या आवडत्या एकाच पेटीसमोर रांग लावतील, त्यामुळे पेट्यांची संख्या पाहून खुराडं घेऊ नका. भिंतीबाहेर काढलेल्या आणि बाहेरून झाकण उघडणाऱ्या पेट्या सोयीच्या. आतली जमीन अडत नाही.

टप्पा ६ : बाहेरचं अंगण

मध्यम कोंबडीला जाळीच्या अंगणात १० चौरस फूट. चौदा जणींना १४०, म्हणजे दहा बाय चौदा फूट. त्याहून कमी असेल तर हिरवं पातं दोन आठवड्यांत संपतं आणि पावसात चिखल होतो. जास्त देता आलं तर अंगणाचे दोन भाग करा आणि आलटून-पालटून वापरा.

निदान एक कोपरा छताखाली, कोरडा हवा. धुळीत लोळून कोंबड्या अंग साफ करतात. ती जागा ओली झाली की उवा वाढतात.

जाळीबद्दल एकच सांगणं: षटकोनी, पिळाची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो. मुंगूस, घूस आणि साप तिच्यातून किंवा तिच्याखालून येतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ चौकोनी जाळी) घ्या, निदान खुराड्याच्या सगळ्या उघड्या जागांना आणि अंगणाच्या खालच्या दोन-तीन फुटांना. जमिनीलगत ती बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून मातीने झाका. उकरणारा प्राणी भिंतीलगत उकरतो. तिथे पंजाला जाळी लागली की सहसा थांबतो.

टप्पा ७ : जमिनीवर आखून पाहा

हा टप्पा अर्ध्या तासाचा आहे आणि सगळे तो टाळतात. जिथे खुराडं ठेवायचं तिथे चुन्याच्या फक्कीने सात बाय आठचा चौकोन आखा आणि त्याला लागून अंगण. मग दार कुठे उघडेल ते दाखवायला काठी आडवी ठेवा. शिटेची घमेली घेऊन त्या दारातून बाहेर येण्याचं नाटक करा. कुंपणाला कोपर लागतं? दार पूर्ण उघडत नाही? पावसाचं पाणी नेमकं इथूनच वाहतं? हे सगळं आता कळलेलं बरं.

नंतर चौकोनाच्या कडेला गुडघ्यावर बसून हात आत लांबवा. बाहेरून हात घालून साफ करायचं खुराडं असेल तर कुठलाही कोपरा दोन-अडीच फुटांपेक्षा लांब नको. हात न पोचणारा कोपरा कधीच साफ होत नाही आणि आजारी कोंबडी नेमकी तिथेच जाऊन बसते. दहा-बारा कोंबड्यांच्या वर आकडा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: माणूस उभा राहील असं, सहा फूट उंचीचं खुराडं घ्या. वाकून साफ करायचं खुराडं पहिला महिना रोज साफ होतं, मग आठवड्याने, मग वास आला की.

टप्पा ८ : प्रत्यक्ष पाहायला जाताना

आता कुठे खुराडी बघायची. वहीत चार आकडे घेऊन जा: जमीन ५६ चौरस फूट, दांडी १२ फूट, हवा १४ चौरस फूट, पेट्या ४.

तयार खुराड्याचं एक नमुन्याचं उदाहरण पाहू. पाटीवर ‘१० ते १२ कोंबड्या’. बाहेरून सहा फूट बाय चार फूट. आतून मोजल्यावर सव्वापाच बाय तीन, म्हणजे पावणेसोळा चौरस फूट. चारने भागलं तर जेमतेम चार कोंबड्या. आत आडवी एकच दांडी, तीन फुटांची. छत्तीस इंच भागिले दहा म्हणजे तीन कोंबड्या. हवेला हाताच्या पंजाएवढ्या दोन जाळ्या. पेट्या मात्र तीन, म्हणजे बारा-पंधरा कोंबड्यांना पुरतील अशा. पाटीवरच्या आकड्याला मेळ खाणारी आत तेवढी एकच गोष्ट. दुसरी एक दांडी लावली तर हे खुराडं चार कोंबड्यांचं होतं. हवा वाढवल्याशिवाय चारसुद्धा नाही.

विक्रेत्याशी वाद घालू नका. मोजपट्टी लावा, भागाकार करा.

माप जुळलं तर मग बाकीचं पाहा:

– कडी नुसती आकड्याची आहे का? कुत्र्याने नाकाने ढकलली की ती उघडते. दोन हालचालींनी उघडणारी कडी किंवा अडसर हवा.
– कोंबड्यांचं लहान दार फूटभर रुंद आणि थोडं जास्त उंच आहे का?
– चढायच्या फळीवर पाच-सहा इंचांवर आडव्या पट्ट्या आहेत का? फळी उभी असेल तर भारी कोंबड्या चढत नाहीत.
– तळ जमिनीपासून फूटभर उचललेला आहे का? त्याने ओल आणि उंदीर दोन्ही लांब राहतात.
– एक कोपरा दोन्ही हातांनी धरून हलवा. सगळं खुराडं डुललं तर ते वादळात उभं राहणार नाही.

सावधान : जुनं, वापरलेलं खुराडं घेत असाल तर आधीच्या कोंबड्या का गेल्या, हे नक्की विचारा. मरेक्स या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू पिसांच्या कोंड्यात आणि धुळीत कित्येक महिने टिकतो. नुसतं पाणी मारून तो जात नाही. सगळी जुनी गादी काढा, खरवडा, साबणाच्या पाण्याने घासा, मगच जंतुनाशक लावा आणि उन्हात पूर्ण वाळवा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. फळ्यांच्या फटींत ते लाल कीटक आहेत का, हे रात्री टॉर्चने पाहा, नाहीतर पांढरा कागद फटीवर घासा. लाल-तपकिरी ठिपके उमटले तर ते खुराडं तिथेच सोडा.

टप्पा ९ : नवं, की जुन्याला जोड?

जुनं खुराडं धड असेल आणि फरक चार-पाच कोंबड्यांचा असेल, तर त्याला जोड देणं शहाणपणाचं. पण जोड देताना जमीन वाढते आणि दांडी-हवा तेवढीच राहते, असं फार वेळा होतं. तिन्ही पुन्हा मोजा. जोडलेल्या भागाला स्वतःची दांडी, स्वतःची जाळी द्या आणि दोन भागांमधलं दार निदान दोन कोंबड्या शेजारून जातील एवढं रुंद ठेवा. अरुंद दारात एखादी दादागिरी करणारी कोंबडी उभी राहते आणि पलीकडच्यांना खायला येऊ देत नाही.

फरक दुपटीचा असेल तर नवंच घ्या आणि जुनं मोडू नका. आजारी कोंबडी, बाहेरून आणलेल्या तलंगा, पिल्लांसकटची आई यांना वेगळी जागा लागतेच. जागा वाढवताना हे दुसरं छोटं खुराडं नसणं, ही मला सगळ्यांत महागात पडलेली चूक आहे. शिंकणाऱ्या दोन तलंगा जागा नाही म्हणून थेट आत सोडल्या आणि आठ दिवसांत सगळं खुराडं शिंकायला लागलं.

टप्पा १० : मुक्काम हलवणं

१. नवं खुराडं आठ दिवस आधी जागेवर बसवा. रंगाचा, नव्या लाकडाचा वास जाऊ द्या. एकदा दिवेलागणीला आत उभं राहून दार लावा आणि कुठून उजेड येतो ते पाहा. जाळी नसलेली प्रत्येक उजेडाची फट म्हणजे कुणाची तरी वाट.

२. आधी फक्त जुन्या कोंबड्या हलवा. अंधार पडल्यावर, त्या झोपेत असताना, एकेक उचलून नव्या दांडीवर ठेवा. शक्य तर जुन्या शेजारणी शेजारी-शेजारीच बसवा.

३. तीन-चार दिवस खुराडं आणि जोडलेलं अंगण एवढ्यातच ठेवा. जुनं खुराडं बंद करा किंवा नजरेआड करा. ते दिसत राहिलं तर संध्याकाळी सगळ्या त्याच्या दारात जमतात.

४. बाहेरून आणलेले पक्षी ३० दिवस वेगळे. त्यानंतर मध्ये जाळी ठेवून आठ-दहा दिवस एकमेकींना पाहू द्या. मगच एकत्र, तेही अंगाने जुन्यांच्या जवळपास आल्यावर. एकट्या तलंगेला कधीच सोडू नका. दोन-तीन एकत्र सोडल्या की मार वाटला जातो.

५. त्या दिवसापासून खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकींपासून लांब ठेवा. चौदा मोठ्या कोंबड्यांना रोज दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागतं. पाणी एरवी साडेतीन-चार लिटर पुरतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा.

दोन आठवड्यांनी

पुन्हा टॉर्च घेऊन रात्री जा आणि सुरुवातीसारखीच मोजणी करा. सगळ्या दांडीवर असतील तर माप बरोबर. दोन-तीन पेटीत असतील तर आधी त्या पेट्यांचं तोंड संध्याकाळी फळीने झाका आणि भल्या पहाटे उघडा. सवयीने बसत असतील तर चार-पाच दिवसांत सुटतं. तरीही जमिनीवर झोपल्या, तर दांडी कमी पडते आहे किंवा फार उंच आहे.

गादी मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर ती विखुरली पाहिजे. गोळा झाला तर ओल जास्त आहे. पाण्याचं भांडं बाहेर काढा आणि वरची जाळी वाढवता येते का ते पाहा. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर पिसं उपटलेली दिसली तर आधी कीटक शोधा, मग कोंबड्यावर नजर ठेवा आणि दोन्ही निर्दोष निघाले तर कोंबड्यांची संख्या आणि चौरस फूट पुन्हा एकदा भागून पाहा. आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने तुमचा खरा आकडा लिहून ठेवा. आमच्या दारावर १४ लिहिलं आहे. पुढच्या वेळी खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवायची, ते ती पाटी वाचूनच ठरवतो.